बाटलीतला नेचा

काचेच्या बरणीत बाग करायचं वेड सध्या तरुण मुलामुलींत आहे. त्या बागेला टेरॅरियम म्हणतात. आता त्यातही एक पोटजात निघाली आहे, स्टीमपंक टेरॅरियम. पितळी पट्ट्यांचं काचेचं घर, आत नेचे आणि मॉस (पावसाळ्यात कौलांवर आणि भिंतींवर चढतं ते हिरवं मखमली), आणि त्यात अर्धवट पुरलेली जुन्या घड्याळांची दातेरी चाकं, तांब्याची नळी, वाफेचा दाब दाखवणारी एखादी तबकडी. हे सगळं 'व्हिक्टोरियन' म्हणून. आमची नात अशा बरण्या करते, आणि छान करते.

'स्टीमपंक' हा शब्द तसा अलीकडचा आहे. के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने १९८७ साली एका मासिकाला पाठवलेल्या पत्रात तो वापरला. वाफेचं युग संपलंच नसतं, विमानंसुद्धा बंबासारखी धुसफुसत उडाली असती तर जग कसं दिसलं असतं, असा तो कल्पनेचा खेळ. ज्युल्स व्हर्न हा या मंडळींचा आद्य गुरू. आमच्या पिढीला तो भा. रा. भागवतांनी मराठीत आणून दिला, त्यामुळे तो पितळी, खटक्या-खिट्ट्यांचा माहोल आम्हालाही अगदीच परका नाही.

पण मी पडले इतिहासाची बाई. तीस वर्षं शाळेत शिकवल्यावर खोड जात नाही. नेच्याच्या कुशीत दातेरी चाक बघितलं की मला गंमत वाटते, कारण ज्या काळाच्या नावाने हे चाललं आहे त्या काळात या दोघांचं उभं वैर होतं. काचेची ही पेटी मुळात जन्माला आली तीच वाफेच्या यंत्रांपासून नेच्याला वाचवायला. ती गोष्ट आज सांगते.

लंडनच्या पूर्व भागात, बंदराच्या गोद्यांजवळ, वेलक्लोज स्क्वेअर नावाचा चौक होता. तिथे नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे डॉक्टर राहत. जन्म १७९१ चा. तेराव्या वर्षी त्यांना जहाजावरून जमैकाला पाठवलं होतं. तिथले ताड आणि नेचे या पोराने पाहिले आणि ते डोळ्यांत बसले ते कायमचे. पुढे वडिलांसारखाच वैद्यकीचा व्यवसाय धरला, पण मन झाडांत. घराच्या मागच्या अंगणात त्यांनी दगड रचून भिंत केली, वरून नळीने पाणी ठिबकत ठेवलं आणि तिच्यावर नेचे लावले. एकही टिकेना. पाणी होतं, सावली होती, मायाही होती. हवा मात्र नव्हती. आजूबाजूच्या कारखान्यांच्या धुराड्यांतून दगडी कोळशाचा धूर रात्रंदिवस ओतत असे, त्याची काजळी पानापानांवर बसे. बंब, भट्ट्या, वाफेची इंजिनं, आज ज्यांच्या चाकांची आपण शोभा करतो त्यांचाच हा धूर. वॉर्डनी हात टेकले आणि नेच्यांचा नाद सोडला.

आणि मग १८२९ च्या उन्हाळ्यात ती बाटली. डॉक्टरांना पतंगांचाही नाद होता. स्फिंक्स जातीच्या एका मोठ्या पतंगाचा कोश त्यांनी रुंद तोंडाच्या बाटलीत ओलसर पालापाचोळ्याच्या मातीत पुरला आणि वर झाकण ठेवलं. कोशावर रोज नजर असायची, त्यामुळे दुसरंच काहीतरी लक्षात आलं. दिवसा मातीतली ओल वर जाते, काचेवर थेंब धरते आणि ओघळून परत मातीत येते. माती कायम तेवढीच ओली. पाऊस पडतो कसा हे आम्ही चौथीच्या वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवत असू. इथे समुद्र, ढग आणि पाऊस एका वीतभर बाटलीत आले होते. पतंग बाहेर पडायच्या आठवडाभर आधी मातीतून दोन हिरवे कोंब वर आले. एक नेचा, एक गवत. जो नेचा अंगणात जीव धरत नव्हता तो बाटलीत आपण होऊन उगवला होता!

पतंगाचं पुढे काय झालं ते आता कुणी विचारत नाही.

वॉर्डनी ती बाटली अभ्यासिकेच्या उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली. जवळजवळ चार वर्षं ती दोन्ही रोपं जगली, पाण्याचा एक थेंब न घालता. गवताला एकदा फुलोराही आला. आणि शेवट कशाने झाला बघा. डॉक्टर घरी नव्हते, झाकण गंजलं, त्यातून पावसाचं पाणी आत गेलं आणि रोपं कुजून मेली. म्हणजे जगातलं हे पहिलं नामांकित टेरॅरियम लोखंडाच्या गंजाने गेलं. नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने हातातलं चाक उलटसुलट करून पाहिलं आणि ते लोखंडाचं निघाल्यावर मुकाट्याने डब्यात परत टाकलं.

पितळेचं म्हणाल तर तेही निर्धोक नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तसंच ओलसर, किंचित आंबट मातीत पितळ आणि तांबं कळकतं, हिरवं पडतं, आणि तो हिरवा क्षार मॉसला मानवत नाही. म्हणून चाकं घालायचीच असतील तर ती लाखेचा किंवा व्हार्निशचा हात देऊन मातीपासून उचलून, गारगोटीवर ठेवावीत. त्याहून बरं म्हणजे बाहेरच्या चौकटीवर बसवावीत. बाकी कृती सोपी. तळाला खडे, त्यावर लाकडी कोळशाचे तुकडे, मग माती, मग लहान जातीचे नेचे. पाणी चमच्याने. उन्हात ठेवलीत तर आतल्या झाडांची उकड होते, उजेडात ठेवावी. आणखी एक, वॉर्ड बजावून सांगत की ही पेटी हवाबंद नव्हे. हवा फटींतून हळूहळू ये-जा करते, फक्त काजळी आणि कोरडा वारा बाहेर राहतो.

ग्लासगोच्या मॅकोनॉकी नावाच्या गृहस्थांनी १८२५ च्या सुमाराला असंच काहीसं करून पाहिलं होतं म्हणतात, पण त्यांनी त्याचा गवगवा केला नाही. वॉर्डनी केला. वर्गातही श्रेय हात वर करणाऱ्यालाच मिळतं.

पुढचा प्रयोग मात्र खरोखर धाडसाचा. त्या काळी परदेशातून झाडं आणणं म्हणजे मढी आणणं. जहाजावर गोडं पाणी माणसांनाच मोजून मिळे, झाडांना कुठलं? वर डेकवर ठेवावीत तर खारा तुषार जाळणार, खाली तळघरात ठेवावीत तर अंधाराने पिवळी पडणार. मकावहून जॉन लिव्हिंग्स्टन नावाच्या डॉक्टरने १८१९ साली लिहून कळवलं होतं की चीनमधून निघालेल्या हजार रोपांतलं एखादंच इंग्लंडला जिवंत पोचतं.

वॉर्डनी जून १८३३ मध्ये दोन पेट्यांत नेचे आणि गवतं लावून त्या चार्ल्स मॅलार्ड या कप्तानाच्या हवाली केल्या. प्रवास लंडन ते सिडनी. पेट्या डेकवर, उजेडात. नोव्हेंबरमध्ये कप्तानाचं होबार्टहून अभिनंदनाचं पत्र निघालं, झाडं ताजीतवानी आहेत. परतीला फेब्रुवारी १८३४ मध्ये त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियाची झाडं भरली. निघताना सिडनीत उन्हाळा, पारा ९० ते १०० अंश फॅरनहाइट. केप हॉर्नला वळसा घालताना तो २० अंशांवर आला आणि डेकवर फूटभर बर्फ साचलं. रिओला पुन्हा १००. विषुववृत्त ओलांडताना १२०. आठ महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, जहाज इंग्लिश खाडीत शिरलं तेव्हा ४०. एवढ्या सगळ्या वाटेत कुणी पाणी घातलं नव्हतं. वॉर्ड आणि त्यांचे मित्र जॉर्ज लॉडिजेस (हॅकनीला त्यांची फार मोठी रोपवाटिका होती) जहाजावर चढले तर पेटीत एक पोवळ्यासारखा नाजूक नेचा हिरवागार उभा, जो त्याआधी कधीच इंग्लंडला जिवंत आला नव्हता. मातीत असलेलं कुठलंसं बी तर वाटेतच उगवलं होतं. लॉडिजेसनी पुढे हिशेब सांगितला तो असा, पूर्वी वीसातली एकोणीस रोपं वाटेत मरायची, आता वीसातली एकोणीस जगतात.

वॉर्डनी १८४२ साली यावर पुस्तक लिहिलं. मला त्यातली सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे त्यात गरिबांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. धुराने काळवंडलेल्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांच्या खिडकीतही एक हिरवं पान असावं, ही या डॉक्टरांची इच्छा. त्यांचे रोगी त्याच वस्तीतले होते. शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही.

पण हौस पैसेवाल्यांची आधी भागते. १८४५ मध्ये काचेवरचा सुमारे शंभर वर्षांचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि लंडनच्या दिवाणखान्यांत 'वॉर्डची पेटी' आली. ओतीव लोखंडाचे नक्षीदार पाय, कळस, कमानी. नेचे गोळा करायचं वेड इतकं पसरलं की चार्ल्स किंग्जलींनी १८५५ साली त्याला 'टेरिडोमेनिया' असं खास नाव दिलं. आपण नेचेवेड म्हणू. घरंदाज मुलींना एकट्याने रानात फिरायला जायची ही एक सभ्य सबब मिळाली, तेवढं बरं झालं. नेच्यांचं मात्र बरं झालं नाही. किलार्नी फर्न नावाचा पारदर्शक पानांचा एक दुर्मीळ नेचा लोकांनी इतका ओरबाडला की ब्रिटन-आयर्लंडच्या कित्येक जागांवरून तो नाहीसा झाला. धुरापासून वाचवायला काढलेली काच, आणि तीच भरण्यासाठी रान मोकळं केलेलं.

आता सजावटीबद्दल. कुणी शुद्धतावादी म्हणेल की बरणीत चाकं कसली घालता, झाडं काय कमी आहेत? पण आत काहीतरी मांडायची हौस खुद्द वॉर्डनाही होती. वेलक्लोज स्क्वेअरच्या घरी त्यांनी एक मोठी, माणूस आत शिरेल अशी काचेची खोली केली होती आणि तिच्यात टिंटर्न ॲबी या पडक्या मठाच्या खिडकीची प्रतिकृती उभारून तिच्यावर नेचे चढवले होते. इंजिनं ऐन जोरात होती तेव्हा लोक काचेत मध्ययुगातला पडका मठ मांडत होते. आता इंजिनं भंगारात गेली, तर आमची नात काचेत इंजिनांची पडझड मांडते. जे समोर धडधडत असतं ते कुणी काचेत ठेवत नाही. पन्नास वर्षांनी तिची नात काय ठेवेल कोण जाणे. मोबाईलची पाठ, बहुतेक.

असो. दिवाणखान्यातल्या या सुबक पेट्यांची चित्रं पुष्कळ सापडतात आणि आजचे कारागीर त्यांच्यावरूनच घेतात. जगाचा नकाशा बदलला तो मात्र तिच्या दुसऱ्या, कुरूप बहिणीने. जहाजावरची वॉर्डची पेटी म्हणजे जाड लाकडी खोका, वर कौलारू घरासारखी दोन्ही बाजूंनी उतरती तावदानं, फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पट्ट्या, फटींना लांबी भरलेली, खाली पाणी लागू नये म्हणून ठोकळ्यांचे पाय. नक्षी शून्य.

रॉबर्ट फॉर्च्यून १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत चीनला गेला, वेश पालटून, चहाची रोपं आणायला. चहाचं बी लवकर मरतं. त्याने ते पेटीतल्या मातीतच, तुतीच्या रोपांच्या ओळींमध्ये पेरून दिलं. वाटेत ते उगवत गेलं आणि कलकत्त्याला पेटी उघडली तेव्हा आत चहाचं वाफ्यासारखं दाट रोप. हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांना त्याने सुमारे २०,००० रोपं पुरवली. सकाळी आपण जो कप तोंडाला लावतो त्याच्या मागे आसामची मूळ देशी झाडंही आहेत, सगळं काही फॉर्च्यूनचं नाही. पण कंपनी, अफू आणि चहा हा धडा मी इतकी वर्षं शिकवला, त्यात ही काचेची पेटी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हती.

ब्राझीलच्या रबराचं तसंच. हेन्री विकहॅमने १८७६ मध्ये सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. त्यांतल्या जेमतेम २,७०० उगवल्या. त्यातली १,९१९ रोपं ३८ पेट्यांत घालून लंकेला रवाना केली. पुढे आशियात रबराचे मळे उभे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ॲमेझॉनकाठचा रबराचा व्यापार बसला. ज्या रानाचं झाड, ते रान कंगाल.

आणि सिंकोना. याबद्दल मला नुसतं इतिहासाची बाई म्हणून बोलता येत नाही.

सिंकोनाच्या सालीतून कोयनेल निघतं. झाड मूळ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज डोंगरातलं. क्लेमेंट्स मार्कहॅमने १८६० साली पेरूतून रोपं काढली, पेट्यांत घातली, आणि ती तांबड्या समुद्राच्या उष्म्यातून उटीला पोचेपर्यंत जवळजवळ सगळी मेली. वॉर्डची पेटी जादूची नव्हती. पुढच्या वर्षी रिचर्ड स्प्रूसने इक्वेडोरमध्ये गोळा केलेली लाल सालीची रोपं रॉबर्ट क्रॉसने पेट्यांतून आणली. त्यातली चारशेहून अधिक उटीला जिवंत उतरली आणि निलगिरीवर सिंकोनाचे मळे झाले. डच लोकांनी त्याआधीच, १८५४ मध्ये, अशाच पेट्यांतून जावात रोपं नेली होती. पुढे १८६५ साली चार्ल्स लेजरने बोलिव्हियातल्या उत्तम वाणाचं बी पाठवलं. ते अखेर जावात रुजलं, आणि त्या सालीत कोयनेल कितीतरी जास्त होतं. जावापुढे निलगिरीची साल फिकी पडली. दुसऱ्या महायुद्धाआधी जगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कोयनेल जावाच्या सालीचं होतं. मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतली.

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. खानदेशात, १९४३ च्या पावसाळ्यानंतर, तिला हिवताप झाला. ती चार वर्षांची होती. वडील तालुक्याला दोनदा जाऊन आले, पण कोयनेल मिळालं नाही, जे होतं ते पलटणींना जात होतं. आई हे एवढंच सांगायची आणि पुढे काही बोलायची नाही. तिच्या लेखी ते नशीब होतं. ते कसलं नशीब होतं हे मला फार उशिरा, या पेट्यांबद्दल वाचताना कळलं. कुठल्या डोंगरावर कुठलं झाड जगलं, कुठलं कुठे नेलं, आणि एका बेटावर जगाचं सगळं औषध कसं गोळा झालं, त्याचा तो हिशेब होता. आणि तरीही लिहायला हवं की त्याआधीच्या ऐंशी वर्षांत याच पेट्यांतून आलेल्या झाडांनी कितीतरी घरांतल्या मुली वाचवल्याही असतील. मला या डॉक्टर वॉर्डांवर रागावता येत नाही. त्यांना फक्त नेचा जगवायचा होता.

पेटीचा शेवट मातीमुळे झाला. रोपाबरोबर माती जायची आणि मातीबरोबर किडी, अळ्या, बुरशी, गांडुळंसुद्धा. बंद पेटीत रोप जसं जगतं तसं हेही जगतं, तिला त्यात फरक कळत नाही. नवनव्या देशांत नवनवे रोग पोचू लागले तेव्हा सरकारं जागी झाली. अमेरिकेने १९१२ साली आणि हिंदुस्थान सरकारने १९१४ साली रोपांच्या आयातीवर कायदा केला. मग रोपं मुळं धुऊन येऊ लागली, पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, विमानं आली. क्यू उद्यानात अशी पेटी शेवटची वापरली गेली ती १९६२ साली.

वॉर्ड १८६८ मध्ये वारले. त्याआधी १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी एक बाटली ठेवली होती, आत नेचा आणि मॉस, अठरा वर्षं पाणी न घातलेली. ते प्रदर्शन ज्या स्फटिकमहालात भरलं तो स्वतःच एक प्रचंड काचेची पेटी होता, आणि त्यातल्या यंत्रांच्या दालनात वाफेची इंजिनं धडधडत चालू ठेवली होती. लोक अर्थात इंजिनांपुढे गर्दी करून उभे होते.

जहाजावरच्या त्या हजारो साध्या पेट्यांतल्या आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या संग्रहालयांत उरल्या आहेत. काम झालं की फोडायच्या, नाहीतर जाळायच्या, असाच माल होता तो. नातीला मी म्हटलं आहे की पुढची पेटी तशी कर, सागवानाच्या फळ्यांची, वर दोन उतरती तावदानं, लांबी भरून. चाकं नकोत. सुताराकडे माप दिलं आहे. तो विचारत होता, ताई, कोंबड्यांसाठी का?